खांबावरचा फोन आणि तीन श्वास

श्वास घेणं हे पूर्णवेळ काम आहे असं मानणारा माणूस अख्ख्या चंद्रपूर-गडचिरोलीत एकच आहे, आणि माझं नशीब असं की तो नेमका माझा साडभाऊ आहे. त्यांची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी, त्यामुळे मला सुटका नाही. धानोऱ्याच्या पुढं, रानाला लागून त्यांचं गाव. तीन-चार वर्षांपूर्वी ते ध्यानाच्या दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन आले. तेव्हापासून सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास विहारात डोळे मिटून बसतात. त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. तक्रार आहे ती उरलेल्या बावीस तासांची. "बैठक संपते, श्वास थोडीच संपतो, भाऊ?" असं म्हणत हा गृहस्थ उठता-बसता, खाता-पिता श्वासावर डोळा ठेवून असतो.

हापशीवर गेले की दांडा खाली नेताना श्वास सोडायचा, वर आणताना घ्यायचा. मागं पाण्याचे गुंड, म्हणजे हंडे, घेऊन उभ्या बायांची ही रांग. "भाऊ, तुमचा श्वास आत-बाहेर होऊन राह्यला, पन आमचे गुंड रिकामेच हायेत ना!" असं कुणी ओरडलं की हे गोड हसतात आणि त्याच चालीनं पुढचा दांडा मारतात. जेवताना घासाघासाला थांबतात. माझ्या मेव्हणीबाई, म्हणजे आमच्या ताई, वाफाळता भात वाढतात आणि हे ताटावरून उठेपर्यंत तो गारढोण होतो. तेंदूपत्त्याच्या, म्हणजे बिडीची पानं तोडायच्या दिवसांत तर कहरच. आमच्याकडे सत्तर पानांचा एक पुडा बांधतात. शिबिरात गुरुजींनी सांगितलं होतं, मन भटकलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. ते श्वासाबद्दल होतं, हो! पण यांनी ते पानांनाही लावलं. एका श्वासाला एक पान, आणि त्रेसष्टाव्या पानावर बैल आठवला की सगळी पानं खाली, पुन्हा एक! दुपारपर्यंत शेजारणीचे साठ पुडे आणि यांचे चार. मी म्हटलं, "अहो साडभाऊ, भटकलं ते मन ना? पानांनी काय केलं?" तर म्हणतात, "मन भटकलं तवा हातात पानच होतं ना, भाऊ." कप्पाळ!

पण खरा छळ फोनचा. त्यांच्या घरात रेंज येते ती फक्त ओसरीच्या मधल्या खांबापाशी. म्हणून फोन एका पिशवीत घालून तिथंच खिळ्याला टांगलेला असतो. काढला की रेंज गेली. बोलायचं ते तिथंच, उभ्यानं, स्पीकर लावून, साऱ्या घरादारासमोर. फोन वाजला की साडभाऊ खांबापुढं उभे राहतात, डोळे मिटतात आणि सावकाश तीन श्वास घेतात. मगच बटण दाबतात. तोवर निम्मे फोन कटतात, माझा तर हमखास. मी चंद्रपूरच्या उन्हानं आधीच तापलेला असतो. तिसऱ्यांदा नंबर लावताना माझ्या तोंडून जे निघतं ते लिहिण्यासारखं नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या ओसरीवर पुडे बांधता बांधता मी विचारलंच, "काऊन हो, फोनले तीन श्वास काऊन?"

त्यांनी पानं खाली ठेवली. "सुमेधसाठी," म्हणाले.

सुमेध त्यांचा एकुलता एक मुलगा. शिबिराच्या आधीचे साडभाऊ तुम्ही पाहिले नाहीत. हापशी नीट चालेना म्हणून तिचा दांडाच उपटून घरी आणणारा हाच माणूस. पोरगा शेती सोडून वडशाच्या नाटक मंडळीत पेटी वाजवायला जातो म्हणाला, तेव्हा यांनी ती पेटी उचलून विहिरीत टाकली आणि चार लोकांसमोर ओरडले, "आजपासून तू माहा कोनी नाई!" पोरगा गेला. त्यानंतर त्याचा एकही फोन नाही.

"त्याचा फोन आला, आन माह्या तोंडातून पुन्हा तसंच काई निंगालं तं?" साडभाऊ म्हणाले. "म्हनून सगळ्याच फोनवर सवय करून राह्यलो."

मी खाली मान घालून पानं मोजत राहिलो. डोळे भरले होते, खोटं कशाला सांगू?

त्याच पावसाळ्यात मी वडशाला जाऊन सुमेधला गाठलं. म्हटलं, "तुझा बाप बदलला रे, एक फोन तं कर." पुढं हिवाळाही गेला, पण फोन आला नाही.

यंदा ताईंच्या चहाच्या लोभानं मी पुन्हा पुडे बांधायला बसलो होतो. ऊन कललं होतं. फोन वाजला. ताईंनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि किंचाळल्याच, "अजी, सुमेध हाय!"

साडभाऊ हातातला पुडा तसाच टाकून खांबापुढं उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटले. पहिला श्वास. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. सुमेधला मी सगळं सांगितलं होतं, फक्त या तीन श्वासांचं सांगायचं राहिलं होतं!

"उचला ना, अजी!" ताई रडकुंडीला आल्या. दुसरा श्वास. तो काही केल्या बाहेरच येईना. मी उठून धावलो आणि फोन कटला.

ताईंनी पदर तोंडात कोंबला. मला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. साडभाऊंनी डोळे उघडले, पिशवीतल्या फोनकडे पाहिलं आणि एकही श्वास न मोजता उलट फोन लावला.

तिकडं अर्ध्या रिंगमध्ये उचलला गेला. स्पीकरमधून नुसता श्वास ऐकू येत होता, अडखळणारा. इकडचाही तसाच.

"सुमेध," साडभाऊ म्हणाले, "माह्यं चुकलं रे बापा."

तिकडून आवाज आला, "तुमी उचललं नाई, बाबा. मले वाटलं…"

"उचलूनच राह्यलो होतो, बेटा."

त्या दिवशीचा अर्धा पुडा साडभाऊंनी पुन्हा पहिल्यापासून मोजला नाही. तो तसाच ओसरीवर पडून होता आणि ताई त्याला ओलांडून आत-बाहेर करत होत्या.

आता सुमेधचा फोन पहिल्याच रिंगला उचलला जातो. माझा मात्र अजून कटतो. सराव माझ्यावर चालू आहे म्हणे! पूर्वी मी चिडायचो. हल्ली फोन कानाला लावून बसतो. एक श्वास आला, गेला. दुसरा आला. तिकडं खांबापुढं डोळे मिटून उभा असलेला तो म्हातारा दिसायला लागतो, आणि वाटतं, घेऊ दे त्याला सावकाश, कटला तर आपण पुन्हा लावू.