पोस्टाने न आलेला राजीनामा

पौर्णिमाबाई पडघान आमच्या शाळेत प्रयोगशाळा परिचर आहेत. मधले एकोणीस महिने नव्हत्या. त्या काळात त्यांच्यावर काय गुदरलं ते बरंचसं त्यांनीच मला नंतर सांगितलं. थोडं मी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि गप्प बसलो होतो.

शाळा अनुदानित, वाशिमहून मालेगावकडे जाताना लागणाऱ्या एका गावात. बाई वाशिमला राहतात, रोज एसटीने येतात. मीही तसाच. आधी या जागेवर त्यांचे यजमान संघदीप होते. ते काविळीने गेले तेव्हा अनुकंपेवर बाईंना घेतलं. घरी त्या आणि सासू विमलबाई, दोघीच. बाईंचा आवाज मुळातच हळू. अकरा वर्षांत त्या कुणाला उलट बोललेल्या मी ऐकल्या नाहीत.

फेब्रुवारीत प्रात्यक्षिक परीक्षा आटोपल्या आणि एका दुपारी शिपाई खेमा त्यांना बोलवायला आला. "बाई, हापिसात चाला. अध्यक्ष आले."

माझा वर्ग ऑफिससमोरच होता. बाई आत गेल्या. संस्थेच्या अध्यक्षांच्या ड्रायव्हरने, गणेशने, दार बाहेरून ओढून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभा राहिला. त्याची नि माझी नजरानजर झाली. मी फळ्याकडे वळलो आणि अर्धं राहिलेलं गणित सोडवू लागलो.

आत अध्यक्ष आणि मुख्याध्यापक होते. टेबलावर टाइप केलेला एक कागद.

"ॲसिडची एक बाटली कमी हाय," अध्यक्ष म्हणाले. "कोनाले विकली?"

"नाही जी. दिवाळीच्या आधी फुटली ते. रजिस्टरवर लिहेल हाय. सरांची सही हाय त्याच्यावर."

मुख्याध्यापकांनी मान वर केली नाही.

"उद्या कोन्या पोरीच्या तोंडावर ते पडलं तं? पोलीस पयले तुयाच घरी येतीन. तुले नेतीन, म्हातारीले ठाण्यात बसवतीन. त्याच्यापक्षा इथं सही कर आन् इज्जतीनं घरी जाय. आमी तोंड उघडत नाही."

कागदावर लिहिलं होतं की कौटुंबिक कारणास्तव मी स्वेच्छेने राजीनामा देत आहे. 'स्वेच्छेने' हा शब्द बाईंनी तीनदा वाचला. "घरी इचारून येते," एवढंच त्या म्हणाल्या.

"आता हे दार उघडलं का गाडी सरळ ठाण्यावर जाईन. तू ठरव."

बाईंनी सही केली. आडनावातला शेवटचा न उमटलाच नाही. पुढच्या आठवड्यात अध्यक्षांचा भाचा प्रयोगशाळेच्या किल्ल्या घेऊन हिंडताना दिसला, तेव्हा आम्हा सगळ्यांना काय ते कळलं.

घरी त्यांनी काही सांगितलं नाही. लेकाच्या जागेवर मिळालेली नोकरी गेली हे विमलबाईंना कोणत्या तोंडाने सांगणार? दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरून त्या नेहमीच्या गाडीत बसल्या, जऊळक्याच्या फाट्यावर उतरल्या आणि रेल्वे स्टेशनवर जाऊन बाकावर बसल्या. संध्याकाळच्या गाडीने परत. असं रोज. स्टेशनवर रेल्वे पोलीस दिसला की त्या बाकावरून उठत. तो पाण्याच्या नळाकडे आला तरी त्यांना वाटे, आपल्यासाठीच आला. घास उतरत नसे. घरासमोर मोटारसायकल थांबली की त्या आधी मागच्या दाराची कडी पाहत.

एकदा बसमध्ये आम्ही समोरासमोर आलो. त्या फाट्यावर उतरल्या, मी उतरलो नाही. विचारावंसं वाटलं. पण आपल्याला त्यांच्याशी बोलताना कुणी पाहिलं तर, हा विचार आधी आला.

तेविसाव्या दिवशी विमलबाईंनी डबा उघडून पाहिला. भाजी-भाकर जशीच्या तशी.

"डबा काहून वापस येऊन राह्यला? तीन आठोड्यापासून पाहून राह्यली मी. तू शाळेत जातं का दुसरीकडंच जातं?"

बाई खाली बसल्या आणि सगळं बोलल्या. सासू ओरडेल, रडेल, असं त्यांना वाटलं होतं. विमलबाईंनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "पोलीस अजून काहून नाही आले मंग?"



विमलबाईंचं माहेर रिठदचं. तिथले मारोतराव एका शाळेतून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालेले, आयुष्यभर सेवापुस्तकं आणि नियम हाताळलेले. सकाळच्या पहिल्या गाडीने दोघी रिठदला गेल्या. मारोतराव गोठ्यात वैरण टाकत होते. हात धुऊन आले आणि सगळं ऐकून घेतलं.

"राजीनामा तुया हातचा हाय?"

"नाही. टाइप केलेला."

"तू पोस्टानं धाडला? रजिस्टर्ड?"

"नाही जी. तिथंच सही घेतली."

"दुसरी प्रत तुयापाशी हाय?"

"काहीच नाही."

मारोतराव आतून एक जुनं पुस्तक घेऊन आले. "हे पाहाय. खाजगी शाळेतल्या मानसासाठी कायदाच हाय. कलम सात. राजीनामा द्याचा तं दोन प्रती कराव लागते, दोन्हीवर सही-तारीख. एक संस्थेले रजिस्टर्ड पोस्टानं धाडाची, एक आपल्यापाशी ठेवाची. हे असं कायले केलं? दार लावून कोनाची सही घेता येऊ नये म्हनून."

"पन ॲसिडचं?"

"आरोप असला तं लेखी द्या लागते. चौकशी बसवा लागते, तुयं म्हननं आयकाव लागते. यातलं काही झालं? खरंच चोरी असती तं तेच पयले ठाण्यात गेले असते." मग त्यांनी बोटांवर दिवस मोजले आणि त्यांचा चेहरा बदलला. "अमरावतीले शाळा न्यायाधिकरनात अपील कराव लागते. तीस दिवसांत. आज चोवीसावा हाय. तू स्टेशनावर बसून दिवस घालवले बाई."

पौर्णिमाबाई मला म्हणाल्या, की त्या क्षणी त्यांना पोलिसांपेक्षा कॅलेंडरची भीती वाटली.

मारोतरावांनी एक पत्र लिहून दिलं, की सही धमकी देऊन घेतली आहे, मी राजीनामा दिलेला नाही. ते संस्थेला आणि शिक्षणाधिकाऱ्यांना रजिस्टर्ड पोस्टाने पाठवायचं होतं. त्याच दुपारी वाशिमच्या पोस्टात बाई दोनदा रांगेतून बाहेर आल्या. तिसऱ्या वेळी विमलबाई त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. मग मंगरूळपीर, कारंजा करत अमरावती. मारोतरावांच्या ओळखीच्या वकील वैजयंतीबाईंनी अठ्ठाविसाव्या दिवशी अपील दाखल केलं.

नोटीस संस्थेला पोचली आणि अध्यक्षांची जीप बाईंच्या गल्लीत येऊ लागली. गणेश उतरत नसे, काही बोलतही नसे. इंजिन चालू ठेवून दारासमोर दहा मिनिटं थांबायचा आणि निघून जायचा. बाई आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसत. विमलबाई मात्र दारात खाट टाकून त्याच्याकडे पाहत बसत. अपील मागे घेऊ या, असं बाईंनी वकिलांना दोनदा फोनवर सांगितलं. दोन्ही वेळा वैजयंतीबाई म्हणाल्या, "उद्या सकाळी पुन्हा सांगा, मग मागे घेऊ." सकाळी बाईंनी फोन केला नाही.

त्याच दिवसांत त्या माझ्याकडे आल्या.

"सर, दार लावताना तुमी पाह्यलं होतं. तेवढंच लिहून द्या. जास्ती नको."

"पाहतो," मी म्हणालो. त्यांना चहा दिला. माझ्या पेन्शनला सहा वर्षं बाकी होती. मी प्रतिज्ञापत्र दिलं नाही, आणि देणार नाही हेही तोंडाने सांगितलं नाही. त्यांनी दोन आठवडे वाट पाहिली, मग विचारणं सोडून दिलं. नोकरी नव्हती त्या काळात, हंगाम आला तेव्हा, त्या लोकांच्या शेतात सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापायला, जात होत्या.

तारखा पडत गेल्या. संस्थेचं म्हणणं एकच, बाईंनी राजीखुशीने राजीनामा दिला. शेवटी न्यायाधीशांनी विचारलं, राजीनामा पोस्टाने आला असेल तर पाकीट कुठे? पाकीट नव्हतं. तो कार्यालयात टाइप झाल्याचं संस्थेच्याच लिपिकाने उलटतपासणीत कबूल केलं.

निकालाच्या दिवशी पौर्णिमाबाई कोर्टाच्या व्हरांड्यात उभ्या होत्या. आतलं इंग्रजी त्यांना नीट कळलं नाही. वैजयंतीबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "राजीनामा कायद्यात बसत नाही म्हणून रद्द. तुम्हाला परत कामावर घ्यायचा आदेश झालाय."

बाईंनी विचारलं, "म्हणजे मले पोलीस नेनार नाहीत?"

"पौर्णिमाताई, पोलिसांत तुमच्याविरुद्ध कधी काही गेलंच नव्हतं. एकोणीस महिन्यांत एक कागद नाही."

बाई पायरीवर बसल्या. त्यांचे दात वाजू लागले, थंडी वाजल्यासारखे, आणि किती तरी वेळ थांबेनात. विमलबाईंनी त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात धरून ठेवले.

संस्था नागपूरला उच्च न्यायालयात गेली आहे. तिथे स्थगिती मिळाली नाही, निकालही लागलेला नाही. बाई कामावर आहेत. ऑफिसातून निरोप आला की अजूनही त्यांचा चेहरा उतरतो. लेखी निरोप असल्याशिवाय त्या जात नाहीत, आणि हे सांगतानाही त्यांचा आवाज कापतो.

त्या रुजू झाल्या त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी प्रयोगशाळेत जाऊन माफी मागितली. त्या परीक्षानळ्या धूत होत्या.

"जाऊ द्या सर," त्या म्हणाल्या. "मलेच एवढं भेव वाटे, तं तुमाले काहून नाही वाटनार?"

त्या मनापासूनच म्हणाल्या. तरी माझ्याच्याने तिथे फार वेळ उभं राहवलं नाही.