पासवर्डच्या आधीचा आवाज

बाबांना काचबिंदू आहे. दहिवलीच्या घरी त्यांचा एक जुना कॉम्प्युटर आहे, त्यावर लिनक्स मीच बसवून दिलं. कशेळ्याच्या शाळेत शिकवत होते तेव्हाच्या आठवणी ते त्यात लिहितात आणि लिहिलेलं यंत्राकडून वाचून घेतात. पण नजर अधू होत गेली तसा सुरुवातीचा, पासवर्ड मागणारा पडदाच त्यांना दिसेना. मग आईने शेजारी उभं राहून "आता टाका" म्हणायचं आणि तोंड फिरवायचं.

"पासवर्ड काढूनच टाकते," मी म्हटलं. बाबा भडकले. "उघडून द्यायला माणूस नको, आणि दार सताड उघडंही नको. माझं मला उघडता आलं पाहिजे." त्यांचा हट्ट मला पुरेपूर ठाऊक आहे, म्हणून जास्त ताणलं नाही. शिवाय ते बरोबर होते.

भिसेगावातल्या माझ्या घरून मी कंपन्यांचे सर्व्हर सांभाळते. यंत्र सुरू होताना कोणतं काम कशानंतर व्हावं हे लिहून ठेवायचं, त्याला स्क्रिप्ट म्हणतात, आणि त्यावर माझा हात बसलेला आहे. निदान तसा माझा समज होता. लॉगिनच्या पडद्याला अशा दोन स्क्रिप्ट असतात: एक तो दिसण्याआधी चालते, दुसरी पासवर्ड बरोबर ठरल्यावर. मी आवाज सुरू करायची ओळ दुसरीत टाकली. यंत्र बोललं, पण सगळं उघडून झाल्यावर.

"आत आल्यावर 'या बसा' म्हणतंय," बाबा म्हणाले. "दार कुठंय ते कोण सांगणार?"

मी हसले, चिडलेही, आणि ती ओळ पहिल्या स्क्रिप्टमध्ये हलवली. दाबलेलं प्रत्येक अक्षर मोठ्याने वाचायचं, हेही वर जोडलं. आता नावाची चौकट आली की यंत्र सांगे, पासवर्डची आली की सांगे. बाबा ताठ बसले आणि एकेक अक्षर दाबू लागले. यंत्र प्रत्येक अक्षर खणखणीत वाचत गेलं. पासवर्ड गुपित असतो, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. शेवटचं अक्षर चुकलं. बाबांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

तेवढ्यात आई पिठाचे हात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली.

आई खालापूरकडची. लग्नात मुलीचं नाव बदलायची आमच्याकडे रीत होती; तिचंही बदललं. माहेरचं नाव या घरात कधी कोणी घेतलं नाही. बाबा तर तिला नव्या नावानेही हाक मारत नाहीत, नुसतं "अगं" म्हणतात.

"अहो, हे माझं नाव आहे," आई म्हणाली. "तुम्हीच बदललंत ना ते?"

बाबांचा हात थांबला. "माझ्या आईनं बदललं," ते म्हणाले. "मी फक्त ताटातल्या तांदळात नवं लिहिलं. मला आधीचंच आवडलं होतं."

मला भरून आलं, आणि लाजही वाटली, मी तिथं असायलाच नको होतं असं. काहीतरी करायचं म्हणून मी कीबोर्डकडे हात नेला. "थांबा बाबा, अक्षरं वाचायचं बंद करते."

"राहू दे गं," आई म्हणाली. "त्यांना पुरतं लिहू दे."

बाबांनी उरलेली अक्षरं हळूहळू दाबली. शेवटचं अक्षर ऐकू येईपर्यंत आई दारातून हलली नाही.