विळक्कूमामांची सुनावणी

विळक्कूमामा कुणाचंही गाऱ्हाणं एकतर्फी ऐकत नसत. तमिळमध्ये विळक्कू म्हणजे दिवा; पितळी दिवे घडवायचे म्हणून हे नाव. नातं काही नाही, शेजार. आम्हा मुलांची मारामारी झाली की दोघांना समोर बसवायचे. "तूं आधीं सांगट. मग तो सांगटील. मी मध्यें बोलणार नाहीं." सांगता सांगता आम्हीच भांडण विसरायचो. फार कंटाळवाणा न्याय होता तो.

तंजावरी मराठी आम्ही घरात बोलतो, उंबऱ्याबाहेर तमिळ. मामा मात्र मला भर बाजारात मराठीत हाक मारत. मी ओशाळतो हे कळायचं त्यांना, म्हणून आणखी मोठ्यानं, "काय रे, चोखोट अहेस की?"

पुढे मी करखात्यात लागलो, बदली होऊन आमच्या कुंभकोणमलाच आलो, आणि एक दिवस मामांचाच अर्ज माझ्या टेबलावर आला. परदेशी पाठवलेल्या दिव्यांवरचा कर त्यांना परत मिळायचा होता. तो मिळाला तर नवं पितळ येणार, नाहीतर वर्कशॉप बंद. अर्जावर पत्ता साक्कोट्टैचा, निर्यातीच्या कागदांवर मेलकावेरीचा. मी नोटीस काढली. उत्तरात मामांचं एकच मागणं होतं: मला समोर येऊन बोलू द्या.

फाईल दुसऱ्याकडे द्यायला हवी होती. ते सुचलं नाही. मामा येतील, सगळ्यांदेखत मराठीत बोलतील, आणि मी आपल्या माणसाला झुकतं माप दिलं असं होईल, या धास्तीनं मी त्यांना बोलावलंच नाही. 'खुलासा समाधानकारक नाही' लिहून अर्ज फेटाळला. निःपक्षपाती म्हणवून घ्यायची केवढी हौस!

मामा न्यायालयात गेले. वकिलानं माझ्यावर आकसाचा आरोप लिहिला होता. तो मामांनीच खोडायला लावला, असं नंतर कळलं. पण त्यानंतर रस्त्यात भेटले की ते माझ्याशी तमिळमध्ये बोलत. मला 'सार', म्हणजे साहेब, म्हणत. ते 'सार' अजून कानातून जात नाही.

वर्कशॉप बंद पडलं. 'आदेश रद्द, अर्जदाराला ऐकून पुन्हा निर्णय द्या,' असा निकाल आला तेव्हा मामांना जाऊन महिना झाला होता.

या वेळी मी फाईल सहकारी बाईंकडे सोपवली. सुनावणीला मामी आल्या. मी त्यांच्यामागे उभा राहिलो. बाईंनी तमिळमध्ये विचारलं, "पत्ते दोन कसे?"

"वर्कशॉप साक्कोट्टैला, घर मेलकावेरीला. माल घरून पाठवायचे."

बाईंनी लिहून घेतलं. झाली सुनावणी.

मामी माझ्याकडे वळल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हें तुज ठाऊक होतें की रे," त्या म्हणाल्या.