हिरव्या रंगाची पुडी

आमच्या इमारतीचा जिना झाडणाऱ्या सुमनबाईंनी आज सकाळी माझ्या दारातली कालची रांगोळी झाडून काढली, झाडू भिंतीला टेकवला आणि कमरेला खोचलेली एक पुडी काढून माझ्या हातात ठेवली. आत रांगोळीचा हिरवा रंग होता.

"चार दिस झालं, पानं पिवळीच काढताय. म्हटलं, हिरवा संपला असंल. बाजारात दिसला, आणला."

खरंच संपला होता. गुडघे दुखतात, दुकान लांब आहे, आणि एवढ्याशा पुडीसाठी मुलाला काय सांगायचं, म्हणून मी पिवळ्यावरच भागवत होते. येणारेजाणारे "छान हं काकू" म्हणतात आणि रांगोळी ओलांडून जातात. त्यांचंही काही चुकत नाही; घाई कुणाला नसते? पण पानं पिवळी पडलेली दिसली ती एकट्या सुमनबाईंना, ज्यांना ती रोज झाडावी लागतात.

साठी उलटलेल्या माझ्यासारख्या बाईचे हात एका पुडीने इतके शिवशिवावेत! चहा तसाच ठेवून मी दारात बसले. आज फुलं काढलीच नाहीत, उंबऱ्यापासून जिन्यापर्यंत नुसती हिरवी पानं काढली. उद्या सुमनबाई ती झाडतीलच. पण त्याआधी नीट बघतील.