आनंदीने ताबा घेतला नाही

आनंदी तांडेलविषयी तिच्या सासरी, मुरबे गावात, कोणी चांगलं बोलणार नाही. दिराला तुरुंगात घालायला निघालेली बाई, म्हणतील. तसा तो सख्खा दीर नव्हे, चुलत. पण मुरब्यात चुलत आणि सख्खा असा फरक करणाऱ्यालाच लोक परका समजतात.

तिचा नवरा विश्राम होडी सोडून तारापूरच्या एका कारखान्यात लागला, तेव्हा कंपनीने त्याला बोईसरला क्वार्टर दिलं. दोन खोल्या आणि स्वतःचा नळ. तिथेच आनंदीने मंदाला, एकुलत्या एका मुलीला, वाढवलं आणि पहिल्या दिवसापासून एकच धास्ती उराशी धरली. हे घर आपलं नाही. विश्राम रिटायर झाला की चावी परत. मग जायचं कुठे? गावच्या घरात भावांच्या तीन चुली आधीच पेटत होत्या, आणि मंदाला तर कॉलेजात घालायचं होतं.

"तिथं जाऊन पोरीनं वह्या कुठं ठेवायच्या? जाळ्यांवर?" असं ती विश्रामला विचारायची. बोलण्याचं खातं विश्रामने लग्नातच बायकोकडे सोपवलं होतं.

कमलाकांत हा विश्रामचा चुलतभाऊ. आधी तो खाडीतली रेती उपसून विकायचा. मग रेती विकण्यापेक्षा तिच्या भिंती करून विकण्यात जास्त फायदा आहे, हे त्याला उमगलं. एक्याण्णव साली त्याने बोईसर स्टेशनच्या पूर्वेला तीन मजली इमारत काढली आणि पांढरी सफारी घालून क्वार्टरवर आला.

"वैनी, भावाच्या बिल्डिंगीत पयला मान भावाचा. दीड वर्षात घरात नेऊन बसवतो तुमाला."

"लिहून देशील?"

"घरच्या मानसाकडून लिहून घेनार तुमी?" तो दुखावल्यासारखा हसला. पण दिलं लिहून, साध्या स्टॅम्पपेपरवर. विश्रामच्या फंडातला मोठा भाग त्या दिवशी कमलाकांतच्या खिशात गेला आणि उरलेला पुढच्या दोन स्लॅबांना.

दीड वर्ष झालं. सांगाडा उभा राहिला आणि तसाच उभा राहिला. खिडक्यांच्या भोकांतून कावळे ये-जा करत. आनंदी दर रविवारी साइटवर जाऊन उभी राहायची.

"भावजी, दीड वर्षात बाई दोनदा बाळंत होते. तुझा एक दरवाजा होत नाय?"

"सिमेंट मिळत नाय, वैनी."

"मागल्या महिन्यात मजूर मिळत नव्हते. त्याच्या आदी लोखंड. मिळतंय काय ते तरी एकदा सांग."

तो चहा मागवायचा. त्याच्याकडे चहा मात्र कधी कमी पडला नाही.

चौऱ्याण्णवच्या अक्षय तृतीयेला त्याने फ्लॅटचे पैसे भरलेल्या सगळ्या घरवाल्यांना सांगावा धाडला. मुहूर्त चांगला आहे, घरभरणी करून घ्या. भटजी माझा, जेवण माझं, राहिलेलं काम पावसाआधी उरकतो. लोकांना कोण आनंद झाला! तळमजल्यावर घर घेतलेल्या शिवाजी मास्तरांनी नवं धोतर काढलं. आनंदीच्या शेजारचा फ्लॅट घेतलेल्या बायडीने माहेरची माणसं आणली. आनंदीनेही घरून स्टोव्ह नेला, पाणी कळशीने जिन्यावरून चढवलं आणि प्लॅस्टर नसलेल्या भिंतींच्या मध्ये दूध उतू घातलं. कमलाकांतने ताटातून प्रत्येकाच्या हातावर एकेक चावी ठेवली. दरवाजा नव्हता, कुलूप नव्हतं, चावी होती. फोटोवाल्याने फोटो काढले आणि सगळे हसले. आनंदीसुद्धा हसली. त्या हसण्याचा राग तिला पुढे कित्येक वर्षं येत राहिला.

दिवाळी झाली तरी काम हललं नाही. विश्राम रिटायर झाला आणि कंपनीची क्वार्टर सोडण्याची नोटीस आली. आनंदी तडक साइटच्या ऑफिसात गेली.

"दरवाजा कदी बसवतोस?"

"कोनाचा दरवाजा?"

"माझ्या घराचा. आनि कोनाचा?"

"तुमच्या घराचा दरवाजा तुमी बसवायचा, वैनी." कमलाकांत खुर्चीत मागे रेलला. "घर अक्षय तृतीयेला तुमच्या ताब्यात दिलं. चावी घेतलीत, पूजा केलीत, वर पोटभर जेवलात. फोटो हायेत माझ्याकडं."

तिने टेबलावरचा भरलेला कप उचलला. फेकला नाही, खाली ठेवला. "देवाला खोटा साक्षीदार केलास होय रे," एवढंच म्हणाली आणि बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी ती पालघरला, कोर्टाबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या एका म्हाताऱ्या वकिलांपुढे जाऊन बसली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"दिवाणी दावा लावलात तर निकाल तुमची नातवंडं ऐकतील. तो रस्ता सोडा. आपल्या राज्यात फ्लॅटचा वेगळा कायदा आहे, त्रेसष्ट सालचा. करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त पैसे घेता येत नाहीत. तुमच्याकडून किती घेतले?"

"सगळेच म्हना."

"म्हणजे गुन्हा तिथेच झाला, फौजदारी होऊ शकते. शिवाय कबूल तारखेला घर दिलं नाही, तर पैसे व्याजासकट परत मागता येतात. आणि मागायला कोर्टच हवं असं नाही. ठाण्याला ग्राहक मंच आहे. गेल्या वर्षी कायदा सुधारला, आता घरबांधणीही त्यात येते. फी नाही, वकील लागत नाही. दोन वर्षांच्या आत जायचं, एवढंच."

"मग अडलं कुठं?"

"ताब्यात अडलं. तो म्हणणार, बाईंनी घर घेतलं, आता तक्रार कसली? तुम्ही एवढ्या हुशार, आणि उघड्या विटांत दूध उतू घातलंत?"

"शिव्या द्यायची फी वेगळी घेता का?"

वकील हसले नाहीत. "आता मी सांगतो ते ऐका. तिथे एक ट्रंकसुद्धा ठेवू नका. एक रात्र झोपू नका. कितीही अडचण झाली तरी. त्या घरात तुम्ही राहायला गेलात, की पैसे परत मागायचं बळ गेलं."

मंदाने तक्रार लिहिली, आनंदीने सही केली आणि ठाण्याला जाऊन दाखल केली. त्यानंतर त्यांच्या दाराशी जे सुरू झालं ते आनंदीलाही अपेक्षित नव्हतं. कमलाकांतने उरलेलं कामही थांबवलं आणि सगळीकडे सांगत सुटला की आनंदीवैनीच्या केसमुळे मला कोणी उधार माल देत नाही. एका संध्याकाळी शिवाजी मास्तर, बायडी आणि आणखी चारपाच घरवाले क्वार्टरच्या अंगणात येऊन उभे राहिले.

"आनंदीबाई, तुमच्या एकटीच्या हट्टापायी आम्ही सगळे बुडतोय," मास्तर म्हणाले.

"मास्तर, बुडवनारा तिकडं चहा पितोय. त्याच्या अंगनात उभं राहायला पाय लटपटतात काय?"

"तो निदान गोड बोलतो," बायडी फणकारली. "तुज्या तोंडाला तर मीठ लावून वाळत घातलंय."

"गोड बोलन्याला छप्पर घालता येतं काय ते बघ. मग मला पन बोलव राहायला."

क्वार्टर सोडायचा दिवस आला. आदल्या दिवशी कमलाकांत स्वतः आला, आणि आनंदीकडे न बघता विश्रामशी बोलला.

"दादा, सामान आपल्या घरात टाक. उद्याच्या उद्या दरवाजा लावतो. दादानं भाड्याच्या खोलीत राहायचं, ही माझी अब्रू हाय."

विश्राम बायकोकडे बघत राहिला. पहिल्यांदाच त्याने तोंड उघडलं. "जाऊ या गं. दरवाजा देतोय ना."

आनंदीला रडू आलं, आणि रडू आल्याचा आणखी राग आला. मंदाची बारावीची परीक्षा तोंडावर होती. भाड्याची जी खोली मिळत होती ती गोदामामागची, रात्रंदिवस ट्रकांचा आवाज, पाणी हातपंपाचं. आणि इथे एक दरवाजा समोर धरला होता.

"नाय," ती म्हणाली. "ट्रंकसुद्धा नाय ठेवनार. आमी गोदामामागं जातो."

त्या खोलीत त्यांनी वर्षाहून जास्त काढलं. मंदा कानात कापूस घालून अभ्यास करायची. गावच्या लग्नाकार्यांची बोलावणी बंद झाली. होळीला विश्राम एकटाच मुरब्याला गेला आणि अंधार पडायच्या आत परत आला.

ठाण्याच्या मंचापुढे पाळी आली तेव्हा कमलाकांतच्या वकिलाने घरभरणीचे फोटो टेबलावर मांडले.

अध्यक्षांनी फोटो पाहिले आणि चष्म्यावरून आनंदीकडे पाहिलं. "या तुम्हीच ना? पूजा तुम्ही केलीत?"

"केली."

"घर ताब्यात नव्हतं, तर पूजा कशी केलीत?"

"साहेब, आमी कोळी मानसं. नव्या होडीचं तळाचं लाकूड ठेवलं की आमी नारळ फोडतो, हळदकुंकू वाहतो. तेव्हा होडीला ना फळी असते, ना शीड. पूजा झाली म्हनून त्या लाकडावर बसून कोन समुद्रात जात नाय. अर्ध्या कामाची पूजा करायची आमची रीतच हाय. ती याला ठाऊक, हा पन कोळीच. म्हनून तर यानं भटजी फुकट दिला."

कमलाकांतचा वकील उठला. "साहेब, भावनेचा मुद्दा आहे..."

"बसा," अध्यक्ष म्हणाले. "बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला आहे?"

नव्हता.

"पाण्याचं कनेक्शन?"

नव्हतं.

"विजेचं?"

वकील कमलाकांतकडे बघू लागला आणि कमलाकांत छताकडे.

निकाल लागला. ताबा दिलेला नाही. सगळे पैसे व्याजासकट परत करा. बोईसरला परतल्यावर कमलाकांत पानाच्या टपरीवर चार लोकांत म्हणाला, "ठाण्याचा कागद बोईसरात चालत नाय." महिने गेले तरी त्याने काही दिलं नाही.

आनंदी पुन्हा पालघरला गेली. म्हाताऱ्या वकिलांनी सांगितलं की मंचाचा हुकूम मोडणाऱ्याला तुरुंगात घालण्याचं कलम त्याच कायद्यात आहे, अर्ज मात्र तुम्हाला करावा लागेल. "घरचा माणूस आहे. विचार करून करा," ते म्हणाले. "विचार करूनच आलेय," ती म्हणाली आणि अर्ज केला.

मग कमलाकांत गोदामामागच्या खोलीवर आला. बरोबर बायकोला, कमळीला, आणि गावच्या दोन पंचांना घेऊन. कमळीने आनंदीचे पाय धरले.

"ताई, माज्या पोरांच्या बापाला बेड्या घालायच्या तुमाला?"

"पाय सोड, कमळे. माज्या पोरीनं वर्षभर कानात कापूस घातला, तेव्हा तू कुनाचे पाय धरले होतेस?"

"वैनी, पैशे देतो, पन मुदत द्या," कमलाकांत म्हणाला. सफारी मळली होती. "नाय तर पैशांच्या बदल्यात घर घ्या. पूर्न करून देतो, तुमचं एकटीचं."

पंच म्हणाले, घे बाई, घर मिळतंय. विश्रामच्याही डोळ्यांत तेच होतं.

"तुझ्या भिंतीआड झोपले तर रातभर जागीच राहीन," आनंदी म्हणाली. "पुढच्या तारखेला पैशे ठाण्यात आन. नाय आनलेस तर कमळीला सांग, डबा कुठं पोचवायचा ते इचारून ठेव."

त्याने आणले. पण तोवर बोईसरचे भाव चढले होते आणि त्या पैशांत तिथे घर येईना. मासवणच्या बाजूला, एस.टी. थांबते तिथून बरंच आत, पत्र्याचं दोन खोल्यांचं घर मिळालं. विहीर चांगली होती. मंदा तिथून एस.टी.ने पालघरला कॉलेजला जाऊ लागली. आता बाकीचे घरवालेही ठाण्याला जातील, या तुरुंगाच्या धाकाने कमलाकांतने इमारतही पुरी केली. शिवाजी मास्तर राहायला आले, बायडी आली. आनंदीचा फ्लॅट त्याने वाढत्या भावाने दुसऱ्याला विकला आणि व्याजाची भरपाई त्यातूनच काढली, असं लोक म्हणतात.

बोईसरच्या बाजारात एकदा बायडी समोर आली. हातात भाजीची पिशवी, तोंडावर घरवालीचा थाट.

"काय गं आनंदे, मिळालं ना पत्र्याचं घर? गप बसली असतीस तर आज माज्या शेजारी असतीस. नळ हाय, लाइट हाय."

"मी गप बसले असते तर तुज्या घराला अजून दरवाजा नसता, बायडे."

"म्हनून काय उपकार केलेस?"

"नाय केले. तुमच्यासाठी केलंच नव्हतं मी काय. तुमी तर माज्या अंगनात बोंबलत आला होता."

बायडी तोंड वळवून निघाली. आनंदी बोंबलांच्या टोपलीपुढे उकिडवी बसली आणि कोळणीला म्हणाली, "हे काय ताजे? हात लाव, बर्फासारखे गार हायेत. खरा भाव सांग, मला मासवणची गाडी गाठायची हाय."