मुझुरीचं पान

मी मुगिशो. गोमा शहरात सलूनच्या पाट्या रंगवतो आणि हौस म्हणून चित्रकथा काढतो. माझ्या पाट्यांवरच्या बायका सलूनमधून बाहेर पडणाऱ्या बायकांपेक्षा देखण्या असतात, अशी गल्लीभर तक्रार आहे. असू दे! मला सांगायचंय ते चिबालोंझाबद्दल.

चोवीस वर्षांची पोर. बुकावूहून एकटीच आलेली, रेडिओवर बातमीदार. लढाई वर टेकड्यांमध्ये चालायची. ही सकाळी मोटारसायकलवरून तिकडे जायची आणि दुपारी माझ्या दुकानात रेकॉर्डर चार्जिंगला लावून बसायची, कारण आमच्या गल्लीत वीज टिकते ती फक्त माझ्याकडे. किन्शासाच्या एका प्रकाशकाने युद्धातल्या तरुण बातमीदारावर चित्रकादंबरी मागितली, तेव्हा मी म्हटलं, नायिका तर समोरच बसलीय.

"काढ दादा," ती म्हणाली. "पण मुझुरीचं पान घालणार असशील तरच."

ते प्रकरण मला ठाऊक होतं. बातमी आणि खुशाली, दोन्हींना आमच्यात एकच शब्द, हबारी. कुणी ‘हबारी?’ म्हणून विचारलं की पहिलं उत्तर ‘मुझुरी’, म्हणजे छान. घरात मढं पडलेलं असलं तरी मुझुरी. पोराबाळांचं विचारा, मुझुरी. शेताचं विचारा, मुझुरी. मग माणूस जरा दम घेतो आणि खरं काय ते सांगतो. त्या दिवशी बातम्यांना दोन मिनिटं उरलेली. चिबालोंझाने लुहिंडी गावात मागे राहिलेल्या मास्तरांना फोन लावला. हबारी? मुझुरी. गावाची? मुझुरी. आणि लाइन तुटली. पुन्हा काही केल्या लागेना. हिने माइकवर सांगून टाकलं, लुहिंडीत सगळं शांत आहे.

लढाईमुळे गाव सोडून आलेले लुहिंडीचे लोक शहराबाहेरच्या छावणीत बसून तेच ऐकत होते. महिनाभर अर्धपोटी होते बिचारे. सात जण कुदळी घेऊन आपापल्या शेतातले बटाटे खणायला गेले. सातांतला एकही परतला नाही.

स्टेशनचे साहेब म्हणाले, "लाइन तुटली, त्यात तुझा काय दोष?" बाकीचेही तेच म्हणाले. कुणी तिला साधी शिवी दिली नाही, आणि तेच तिला सोसेना. तिने कुणाला हबारी विचारणंच सोडलं. तिला कुणी विचारलं तर मिठाची गुळणी धरून उभी. आमच्यात असं करणं म्हणजे समोरच्याचा अपमान. घरमालकीण म्हणायची, "रेडिओवर बोलते ना, म्हणून शेफारलीय!" भाजीवाली तिला बघून मान फिरवायची. एकदा मी तळलेले छोटे मासे नेऊन दिले, तर दोन दिवसांनी ते तसेच ताटाखाली झाकलेले. इतक्या गजबजलेल्या गल्लीत इतकं एकटं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. मला फार वाईट वाटायचं, पण करणार काय?

ते पान मी जीव ओतून काढलं. आठ चौकटी होत्या. प्रकाशकाचा निरोप आला, हे पान गाळा, यात नायिका वाचकांच्या मनातून उतरते. मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, पुस्तक निघावं म्हणून मीही हपापलेलाच होतो.

तिला सांगितलं. वाटलं, आता माझ्यावर तुटून पडणार. ती हळूच म्हणाली, "म्हणजे कासोकीलाही कळणार नाही."

"कोण कासोकी?"

"त्या सातांत कांबेरे होता ना, त्याची बायको. तिने मला एकदा तोंडावर म्हणावं, तू मारलंस माझ्या माणसाला. तेवढं कुणीतरी म्हणायलाच हवं, दादा. नाहीतर वेड लागेल मला."

माझ्या टेबलावरचं पान उचलून ती निघालीसुद्धा. मी रंगाने बरबटलेल्या हातांनीच मागे धावलो.

छावणीत कासोकी झोपडीसमोरच्या काळ्या दगडांवर कपडे वाळत घालत होती. चिबालोंझा तिच्यासमोर मटकन बसली आणि एका दमात सगळं ओकली. मास्तर, फोन, माइक, सगळं. मग पान पुढे केलं. कासोकीला वाचता येत नव्हतं. ती चौकटींवरून बोट फिरवू लागली.

"ही कोण?"

"मी."

"आणि ही?"

"मीच, आई."

"ही रडतेय ती?"

"तीही मीच."

"अगं बाई, सगळीकडे तूच!" कासोकी म्हणाली. "आम्ही कुठे आहोत यात?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठ चौकटींत मी त्या सातांपैकी एकाचंही चित्र काढलं नव्हतं.

कासोकीने हातातला ओला सदरा पिळला आणि तसाच मांडीवर ठेवला. "पोरी, तो जातच नव्हता. म्हणाला, रेडिओवाल्यांचं काय ऐकतेस, आधी मास्तरांशी स्वतः बोलतो. मीच ओरडले त्याच्यावर. पोरं उपाशी मरतायत आणि हा बसलाय पाय पसरून! कुदळ मीच दिली त्याच्या हातात. हे अजून कुणाला बोलले नाहीये मी."

मग चिबालोंझाने पान उलटून कोरी बाजू वर केली आणि माझ्यासमोर धरली. मी खिशातली पेन्सिल काढली.

"मला काढ," कासोकी म्हणाली. "कुदळ देताना काढ."

मी तिला काढलं. पुढे केलेले हात काढले, हातात कुदळ काढली. मग विचारलं, "कांबेरे दिसायला कसा होता? चेहरा सांगा, म्हणजे काढतो."

"पाठमोराच काढ," ती म्हणाली. "रागात होते रे. जाताना तोंडाकडे बघितलंच नाही मी त्याच्या."