पिकलेला स्पंज

कारखान्यात त्याला सगळे खारे म्हणत. नव्याने लागलेल्यांना ते आडनावच वाटे. एकदा तर खुद्द साहेबांनी रजेच्या अर्जावर तसंच लिहून दिलं होतं. त्याच्या शर्टाच्या बाह्यांवर बारमाही मिठाचे पांढरे डाग वाळलेले असत, आणि जेवणाच्या सुट्टीत तो तोंड उघडायचा ते समुद्राच्या पाण्याबद्दल बोलायलाच. समुद्र त्याने आयुष्यात दोनदा पाहिला होता, तोही दुरून. पण घरात त्याने एक समुद्र पाळला होता.

बत्तीस वर्षं तो लेथवर उभा होता. केसाएवढा फरक त्याच्या बोटांना आधी कळे, मापाला मागाहून. लग्न राहून गेलं, ते राहूनच गेलं. थोरली बहीण, आक्का, नवरा गेल्यावर भावाकडे आली आणि तळमजल्यावर तिने लॉन्ड्री काढली. खाली वाफ, साबणाचा वास आणि इस्त्रीची धपधप. वर मासे. दोघांची चूल एक होती, भांडणंही एकच होती, किल्ल्या तेवढ्या दोन.

वरच्या खोलीत भिंतभर लांब काचेची टाकी होती. तिच्यात खडक, खडकावर हळूहळू वाढणारी प्रवाळं, दोन लाल पट्ट्यांच्या कोळंब्या आणि सहा मासे. पूर्वी मासे अकरा होते. सात वर्षांपूर्वी खारेने दुकानातून आणलेला एक देखणा मासा पिशवीतून सरळ त्या टाकीत सोडला. नवव्या दिवशी त्याच्या अंगावर रव्यासारखे पांढरे दाणे उठले. मग शेजारच्याच्या अंगावर, मग सगळ्यांच्याच. त्या रोगाला तांब्याचं औषध लागतं. तांब्याने मासा जगतो, पण कोळंबी आणि प्रवाळ मरतात, म्हणून मोठ्या टाकीत ते घालता येत नाही. खारे रोज सकाळी जाळीने एकेक मेलेला मासा काढत गेला आणि वेळेवर कामावर जात गेला. टाकी रिकामी झाल्यावर त्याने आधी दुसरी लहान टाकी आणली, आणि नवे मासे त्यानंतर.

लहान टाकीला तो ओसरी म्हणे. नव्याने आधी सहा आठवडे ओसरीवर बसायचं, रोगराई नाही असं दिसलं की मग घरात यायचं. ओसरीत वाळू नाही, खडक नाही, नुसती उघडी काच. तिच्यात लपायला नळाच्या पाइपाचे दोन तुकडे, पाणी कोमट ठेवणारा हीटर आणि हवेचे बुडबुडे सोडणारी एक नळी. पाणी पिंपात आदल्या दिवशी कालवायचं. गाळलेलं पाणी, त्यात समुद्राचं मीठ, आणि एक पंप रात्रभर ढवळत ठेवायचा. मग खारटपणा मोजणारं नळीसारखं एक यंत्र उजेडाकडे धरून आत पाहायचं. रेघ पस्तिसावर आली की पाणी जमलं. रेघ जराशी खाली असली तर खारे चमचाभर मीठ टाकून पुन्हा तासभर थांबे. त्याला घाई कशी ती ठाऊक नव्हती.

तरीही हे पाणी कच्चंच. मासा त्यात घाण करतो, आणि ती घाण खाणारे डोळ्यांना न दिसणारे जीव पाण्यात नसले, तर तो आपल्याच विषाने मरतो. म्हणून खारे सहा आठवडे आधी एक स्पंज मोठ्या टाकीच्या मागच्या खणात टाकून ठेवी. तो तिथे तपकिरी, बुळबुळीत होई. ते जीव त्यात घर करत. याला खारेच्या भाषेत स्पंज पिकणं म्हणत. तो स्पंज ओसरीत लावला की ओसरीचं पाणीही पिकलंच.

एका गुरुवारी दुपारी दुकानदाराचा कारखान्यात फोन आला. तीन महिन्यांपूर्वी सांगून ठेवलेला निळा मासा आला होता, पिवळ्या शेपटीचा, दोन बोटं लांब. संध्याकाळपर्यंत नेला नाही तर दुसरं गिऱ्हाईक दारात उभंच होतं. खारेने घरी फोन लावला.

"आक्का, मागच्या खणातला स्पंज चांगला पिकलाय. तेवढा काढून लहान टाकीत लाव. मी मासा घेऊनच येतो."

"पिकलाय? बघते मी. तू काळजी सोड."

आता आक्काच्या लॉन्ड्रीतही तो शब्द होता, आणि फार जुना होता. घामाने पिवळी पडलेली, मळ धरून बसलेली कॉलर आली की तिथे म्हणत, पिकलेली आहे, हिला दोनदा घ्या.

खारे पिशवी हातात धरून जिना चढला, तेव्हा खिडकीतल्या दोरीवर स्पंज वाळत होता. पांढराशुभ्र.

"बघ कसा काढलाय," आक्का म्हणाली. "सोड्यात भिजवला, ब्रश मारला, तीन पाण्यांतून काढला. काय तो चिखल, शी! माणसाने एवढं घाणेरडं राहू नये रे."

खारे खुर्चीवर बसला. मासा पिशवीत गोल फिरत होता.

"काय झालं? वाळला नाही का पुरता?"

"मेला तो, आक्का."

"स्पंज? स्पंज कसा मरेल?"

त्याने समजावून सांगितलं. आक्का ऐकत होती, आणि तिचे हात पदराशी चाळा करत होते. शेवटी ती म्हणाली, "मग मोठ्या टाकीत सोड याला. तिथलं पाणी पिकलेलं आहे ना?"

तेच तर होतं. मोठ्या टाकीत सोडला तर मासा आज नक्की जगणार होता. आणि त्याने बरोबर काही आणलं असेल तर बाकी सहा पुन्हा जाळीने काढायचे. ओसरीत सोडला तर सहा वाचतील. हा मात्र कच्च्या पाण्यात दोन-तीन दिवसांचा सोबती. पिशवी मोठ्या टाकीच्या पाण्यावर टेकवायला खारे उठलाही. मग वळला आणि ती ओसरीच्या पाण्यावर ठेवली.

"रोज अर्धं पाणी बदलू," तो म्हणाला. "घाण साचायलाच द्यायची नाही."

"कोण बदलणार? तू तर दिवसभर लेथला मिठी मारून."

"सकाळी मी."

"आणि संध्याकाळी मी, असंच ना? सरळ सांग की शिक्षा आहे म्हणून!"

"बादल्या तुझ्याकडे चिक्कार आहेत म्हणून."

त्या बादल्या मात्र त्याने घेऊ दिल्या नाहीत. साबण लागलेली एकही वस्तू नको होती. नव्या दोन आणल्या. आक्का रेघ वाचायला शिकली. पहिल्या दिवशी तिने यंत्र उलटं धरलं आणि म्हणाली, "मला तर नुसता अंधार दिसतोय, तुझ्या समुद्रात दिवे लावत नाहीत का?" तिसऱ्या दिवशी ओसरीचं पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात तपासणीचे थेंब टाकले तेव्हा पाणी पिवळं राहायच्या ऐवजी हिरवट झालं. विष साचत होतं. त्या दिवशी दोघांनी तीनदा पाणी बदललं. मासा पाइपात आडवा पडून होता, कल्ले जोरजोरात हलत होते. आक्का जेवली नाही. खारे जेवला, पण भात किती घेतला ते त्यालाही कळलं नाही.

आठवड्याने माशाने पहिला घास घेतला. अकराव्या दिवशी त्याच्या पंखावर दोन पांढरे दाणे दिसले, संध्याकाळी आठ.

आक्काने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "हेच का ते?"

"हेच."

ती मोठ्या टाकीकडे वळली. तिथे सहाही मासे पंख हलवत आपापल्या जागी होते. खारे औषधाची बाटली उघडून थेंब मोजू लागला. आता दिवस पुन्हा एकपासून मोजायचे होते, आणि बदलायच्या प्रत्येक बादलीतही औषध मापून टाकायचं होतं. त्याने ते तीस दिवस टाकलं. दाणे गेले, पंखाची एक कड झिजलेली राहिली. नंतरचे दोन आठवडे तो नुसता पाहत बसला. एवढ्या अवधीत पाणीही आपलं आपणच पिकलं.

रविवारी त्याने निळ्याला मोठ्या टाकीत सोडलं. तिथला थोरला मासा खडकामागून सरसर आला आणि त्याने निळ्याला दोन धडका दिल्या.

"अरे, मारतोय की तो!" आक्का ओरडली. "एवढं करून मारतोय!"

"मारू दे," खारे म्हणाला. "मार काही रोगासारखा एकाचा दुसऱ्याला लागत नाही."